दोनशे चौदा फाईलींचं निंदणीकरण

हिंमतराव वानखेडे यांनी बत्तीस वर्षांच्या नोकरीत सरकारचा एकही कागद हरवू दिला नाही. वारज्यातल्या त्यांच्या सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण कुणी विचारलं नाही तरी ते सांगत. वर्धा जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत ते अभिलेखपाल होते. निवृत्तीनंतर नवरा-बायको पुण्याला मुलीजवळ आले आणि अभिलेख मात्र तिकडेच राहिले. तेव्हापासून हिंमतरावांचे हात शिवशिवत होते.

त्यांची बायको प्रेमला त्याच तालुक्यात परिचारिका होती. उपकेंद्रात तिने एकहाती बाळंतपणं केली, आणि आता म्हातारपणी त्यातली तिला आठवतील तेवढी ती लिहून काढत होती. एका बाईची एक फाईल. फाईलीला त्या बाईचं नाव. चार वर्षांत अशा दोनशे चौदा फाईली झाल्या होत्या. जेवणाच्या टेबलावर जुना लॅपटॉप ठेवून ती दोन बोटांनी टाईप करी, आणि मध्येच थांबून खिडकीबाहेर बघत बसे. हिंमतराव याला ‘प्रेमलाचा टाईमपास’ म्हणत. प्रेमात म्हणत, पण म्हणत.

कर्वेनगरला राहणारी त्यांची मुलगी तनुजा कॉम्प्युटरमधलीच. लॅपटॉप फारच रडायला लागला तेव्हा तिने त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स घातलं, आतल्या खोलीत बाबांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरही घातलं, आणि दोन्हीकडे ‘सिंक’ नावाचा एक प्रोग्राम बसवला. आईने इकडे काही लिहिलं की तिकडे बाबांकडे आपोआप तशीच प्रत तयार. इकडचं पुसलं की तिकडचंही पुसलं जाणार. एक बिघडला तरी दुसरा आहे, एवढाच तिचा हेतू. हिंमतरावांनी मात्र याचा अर्थ असा घेतला की अभिलेख अखेर त्यांच्या ताब्यात आले.

“प्रोग्रामची काळजी करू नकोस,” ते तनुजाला म्हणाले. “नीट लिहून दे फक्त. लिहिलेलं असलं की माझ्या हातून चूक होत नाही.”

तिने वहीत लिहून दिलं. नवी आवृत्ती आली की काय करायचं: आधी प्रोग्राम थांबवा, मग काळ्या खिडकीत ही ओळ टाईप करा, मग पासवर्ड द्या.

संक्रांतीनंतर नवी आवृत्ती आली. हिंमतरावांनी अंघोळ केली, चष्मा पुसला आणि प्रोग्राम थांबवला. ओळ टाईप केली. पासवर्डापाशी मात्र घोडं अडलं. ते टाईप करत होते आणि पडद्यावर काही उमटत नव्हतं. साधा ठिपकासुद्धा नाही. कीबोर्ड मेला असं समजून त्यांनी तो उलटा करून झटकला. त्यातून एक शेंगदाणा पडला. तीनदा असं झाल्यावर तनुजाला फोन केला, तेव्हा ती म्हणाली की लिनक्समध्ये पासवर्ड दिसत नाही, तो मनात धरून टाईप करायचा. हिंमतरावांना हे फार आवडलं. गोपनीय शाखेतही इतकी गोपनीयता त्यांनी पाहिली नव्हती.

नवी आवृत्ती बसली. पडद्यावर ओळींमागून ओळी धावल्या आणि थांबल्या. हिंमतरावांनी वहीतल्या तिन्ही पायऱ्यांपुढे खुणा केल्या, तारीख घातली आणि वही मिटली. चौथी पायरी, म्हणजे थांबवलेला प्रोग्राम पुन्हा सुरू करणं, ही पानाच्या मागे लिहिलेली होती. पुढे या विषयावर त्यांचं म्हणणं कायम एकच राहिलं, की पानाखाली ‘कृ. पृ. उ.’ असं लिहिलेलं नव्हतं.

झालं. पुढचे सात आठवडे घरातले दोन कॉम्प्युटर एकमेकांशी अबोला धरून बसले, आणि माणसांना पत्ता नाही.

त्या सात आठवड्यांत टेबलावर प्रेमलाने सगळ्या फाईली पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतल्या. तिच्या जुन्या नर्सिंग शाळेची मंडळी पुस्तक छापणार होती. जिथे दोनच ओळी होत्या तिथे ती पानंच्या पानं लिहू लागली. एक फाईल तर तिने चाळीस वर्षं मनातल्या मनात पुढे ढकलली होती. ‘बायडाबाई. मुलगी, दोन किलो शंभर. आई गेली.’ एवढंच त्यात होतं. फेब्रुवारीत एका दुपारी तिने ती उघडली आणि नऊ दिवसांत पूर्ण केली. त्या नऊ दिवसांत भाजीला तीनदा मीठ नव्हतं. हिंमतरावांनी प्रत्येक वेळी ते निदर्शनास आणून दिलं.

आणि त्याच सात आठवड्यांत आतल्या खोलीत हिंमतराव काय करत होते? तर त्याच फाईलींच्या आपल्याकडच्या प्रतींना क्रमांक घालत होते. विनाक्रमांकाचा कागद त्यांना बघवत नसे. रोज चार-पाच फाईली उघडायच्या, अगदी वर ‘नोंद क्र.’ लिहायचं, जतन करायचं, बंद करायचं. मार्चच्या दुसऱ्या शनिवारी दोनशे चौदावी फाईल झाली आणि त्यांना कृतार्थ वाटलं.

रविवारी तनुजा आली. जाता जाता सहज बाबांच्या कॉम्प्युटरकडे बघून म्हणाली, “बाबा, हा सिंक बंदच आहे की! कधीपासून?” तिने एक बटण दाबलं आणि तिची बस होती म्हणून ती गेली.

आता हा प्रोग्राम भांडणं सोडवत नाही. एकाच फाईलीला दोघांनी हात लावला असेल, तर शेवटी हात लावणाऱ्याची प्रत तो जागेवर ठेवतो, आणि दुसऱ्याच्या प्रतीच्या नावाला तारखेची आणि आकड्यांची लांबलचक शेपटी लावून ती शेजारी ठेवतो. प्रत्येक फाईलीवर ती आधी आणि ते मागाहून पोचले होते, त्यामुळे शेवटचा हात सगळीकडे क्रमांकवाल्याचाच होता. सोमवारी सकाळी हिंमतराव बघतात तर दोनशे चौदाच्या चारशे अठ्ठावीस फाईली. निम्म्या सभ्य, क्रमांकासह. निम्म्या शेपटीवाल्या, विनाक्रमांक.

त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. दुबार प्रती! दुबार प्रती साचल्या की काय करायचं हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? शेतातलं तण निंदून काढतात तसे नकोसे कागद काढून नष्ट करायचे, याला कचेरीत निंदणीकरण म्हणतात. त्यांनी ते रीतसर केलं. दोनशे चौदा शेपटीवाल्या फाईलींची यादी हाताने लिहिली, शेरा मारला: ‘दुबार, नाशनयोग्य.’ मंजुरीशिवाय नाशन होत नाही, म्हणून यादी घेऊन स्वयंपाकघरात गेले. प्रेमला मेथी निवडत होती. पाण्याची टाकी धुण्याचा सोसायटीचा कागद असेल असं समजून तिने ओल्या हाताने सही केली.

मंगळवार आणि अर्धा बुधवार काम चाललं. पुसलेल्या फाईली कचरापेटीत जातात हे कळल्यावर त्यांनी कचरापेटीही रिकामी केली. नाशन म्हणजे नाशन. आणि सिंक आता ठणठणीत असल्यामुळे तेच सगळं इमानेइतबारे लॅपटॉपवरूनही पुसलं गेलं.

बुधवारी दुपारी प्रेमलाने लॅपटॉप उघडला. बराच वेळ तिचा काही आवाज आला नाही, म्हणून हिंमतराव बाहेर आले. बायडाबाईची फाईल समोर उघडी होती. वर ‘नोंद क्र. १३७’. खाली त्याच जुन्या दोन ओळी.

ती एकेक फाईल उघडत गेली आणि हिंमतरावांना हळूहळू समजत गेलं. घाबरलेला सरकारी नोकर जे करतो तेच त्यांनी केलं. आतून यादी आणली.

“मंजुरीवर तुझी सही आहे,” ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना आपली लाज वाटली.

प्रेमलाने सहीकडे पाहिलंही नाही. पुण्यात दहा वर्षं राहून तिची भाषा पुणेरी झाली होती, पण मोठं काही झालं की वर्धा वर येत असे. “दोनशे चौदा डाव उघडली तुम्ही फाईल,” ती म्हणाली. “एक डाव तरी खाली वाचलं का? काहून नाही वाचलं?”

हिंमतराव त्या रात्री जेवले नाहीत. बत्तीस वर्षं सरकारचे कागद सांभाळले, आणि घरातला एकच कागद सांभाळायचा होता तो स्वतःच्या हाताने जाळला, असं त्यांना वाटत राहिलं. ते खरंही होतं.

गुरुवारी सकाळी ते फिरून आले, तेव्हा प्रेमला गॅलरीत फोनवर बोलत होती. फोन ठेवून ती आत आली आणि शांतपणे म्हणाली की पुन्हा लिहायचं. पण आता तिची बोटं चालणार नाहीत. ती सांगेल आणि त्यांनी हाताने लिहायचं. पहिली बायडाबाई.

हिंमतरावांनी लांब वही घेतली. ती सांगू लागली. भर दुपारची वेळ, उपकेंद्रात ती एकटी, वय सव्वीस. बाळ नीट आलं, पण रक्त थांबेना. केंद्राची जीप दुसऱ्या गावी गेलेली. ट्रॅक्टरवर घालून नेताना बायडाबाईचं डोकं तिच्या मांडीवर होतं. आधीच्या तीन मुली. बायडाबाईने विचारलं, काय झालं? सासू समोर बसली होती. प्रेमलाने सांगितलं, मुलगा. बायडाबाई हसली. दवाखाना यायच्या आत ती गेली.

“शेवटचं जे ऐकलं ते खोटं ऐकलं तिने. माझ्याकडून,” प्रेमला म्हणाली. “आणि ती पोरगी तिथंच फडक्यात गुंडाळलेली.”

हिंमतरावांचं पेन थांबलं. त्या दिवशी ती घरी आल्याचं त्यांना आठवलं. एक केस गेली, एवढं ती म्हणाली होती. चालायचंच, असं म्हणून त्यांनी पेपर उलटला होता. तेही तिने सांगितलं, आणि तेही लिहा म्हणाली. त्यांनी लिहिलं. अक्षर बिघडलं, पण लिहिलं.

असं मंगळवारपर्यंत चाललं. एकतीस पानं झाली. शेवटी हिंमतरावांनी डोळे पुसले, वही सरळ केली आणि गंभीरपणे सांगितलं की उरलेल्या दोनशे तेराही ते अशाच लिहून काढतील, मग उरलेलं आयुष्य गेलं तरी चालेल.

प्रेमलाने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. दोनशे चौदा फाईली, शेपटीसकट, रांगेने हजर होत्या. तनुजाने लॅपटॉपवर पहिल्यापासूनच एक लपलेला कप्पा करून ठेवला होता. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून जे पुसलं जाईल ते त्यात वर्षभर राहत होतं.

“हे तुला कधी कळलं?” हिंमतरावांनी विचारलं.

“गुरुवारी सकाळी. फोनवर.”

“आज मंगळवार आहे, प्रेमला. एकतीस पानं लिहिली मी. अंगठा सुजलाय माझा.”

“चाळीस वर्षं सांगायचं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही बसतच नव्हते.”

हिंमतरावांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा लावला आणि यादीतली पहिली फाईल उघडली. ती खाली बरीच लांब होती.