दोन हजार वर्षांचा दिवा आणि माझी नजर

माझ्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही! पायल झाल्यापासून तर मी डोळ्यांत तेल घालून असते. प्लगना झाकणं, कपाटांना कड्या, जिन्याला फाटक. नवरा, अनुप, म्हणतो, "हे घर आहे की जेल?" म्हणू दे!

त्यामुळे सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात तीन वर्षांची पायल आणि कराडहून अमेरिकेत आमच्याकडे आलेल्या सासूबाई, दोघींना घेऊन मी ॲन आर्बरच्या म्युझियमला निघाले, तेव्हा अनुपच घाबरला.

"जपून हं! मंगळवारी ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू आहे."

"मी आहे ना!"

प्रदर्शन होतं रोमन लोकांच्या रोजच्या जगण्याचं. दळायची जाती, कंगवे, सुया. प्रत्येक काचेपुढे सासूबाई म्हणत, "हे तर आमच्याकडे माळ्यावर पडलंय!" कोपऱ्यात मुलांसाठी टेबल होतं. मातीचे दिवे, हाडाचे फासे, खुशाल हात लावा! पायल तिथे रमली. सासूबाई बाथरूमला गेल्या. मी रुमालासाठी स्ट्रोलरच्या पिशवीत हात घातला आणि हाताला लागला... मातीचा दिवा! काजळी धरलेला, आकाराने थेट टेबलावरच्यासारखा!

माल दोन हजार वर्षांचा, चोर तीन वर्षांची! आमचं ग्रीन कार्ड मला विमानात बसून एकटंच मुंबईला जाताना दिसलं.

मांजरीच्या पावलांनी जाऊन मी दिवा टेबलावर ठेवला.

"एक्स्क्यूज मी, मॅम!" गार्डबाई!

"सॉरी! शी इज ओन्ली थ्री! व्हेरी गुड फॅमिली! हजबंड इंजिनिअर!" सगळा इंटरव्ह्यू मी तिथेच देऊन टाकला.

म्युझियमच्या तज्ज्ञ बाई धावत आल्या. त्यांनी दिवे मोजले. "आमचे सहा. हे तर सात आहेत!"

तेवढ्यात सासूबाई आल्या. "अगं, माझी पणती इथे कशी?"

"तुमची?"

"मग! दिवाळीतली. यांच्या दिव्याशी ताडून बघायला आणली होती."

मी भाषांतर केलं, तशा तज्ज्ञ बाई हसत सुटल्या. टेबलावरचे दिवे म्हणे तळघरात बनवलेले नमुने! खरोखर पेटलेला दिवा तेवढा आमचाच!

घरी येऊन पायलचे हातमोजे ओढले, तर टपकन पडला हाडाचा फासा!

"माइन!" पायल म्हणाली.

"हा कधी उचलला हिने?" मी किंचाळले.

"तू त्या बाईंना भाषांतर करून सांगत होतीस ना, तेव्हा," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या नाकासमोर! मला वाटलं, तू बघितलंस."

फासा दुसऱ्याच दिवशी परत दिला. मंगळवारी इंटरव्ह्यूसाठी डेट्रॉइटला निघताना पायलचे खिसे सासूबाईंनी तपासले.

आणि माझी पर्ससुद्धा.