साठ फुटी रस्त्यावरची काकडी

"काका, पंधरा वर्षांनी लोक विचारतील, हे शहर कुणी वसवलं? तेव्हा नाव निघेल ते माझं!"

चिंतामणी दाबके छातीवर हात ठेवून म्हणाला. जयदेवकाका सुपारी कातरत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"निघेल की. रस्त्यात ठेच लागली की माणसं कुणाचं तरी नाव काढतातच."

जयदेवकाका अंबरनाथला काड्यापेटीच्या कारखान्यात अधिकारी होते. जगातल्या माणसांचे त्यांनी दोनच ढीग केले होते, नोकरीला लागलेली आणि न लागलेली. पुतण्या विद्यापीठात नगररचना शिकतो म्हणजे करतो काय, असं माईकाकू विचारत, तेव्हा ते म्हणत, "गटारं कुठून न्यायची ते ठरवतो." माईकाकू शेजारणींना सांगताना 'सरकारी कामात आहे' एवढंच सांगत आणि विषय लोणच्यावर नेत.

काकांची अट साधी होती. शेवटच्या वर्षाचा आराखडा प्रोफेसरांनी नापास केला, की चिंतामणीने मुकाट्याने कारखान्यात यायचं. "खुर्ची धरून ठेवली आहे तुझ्यासाठी. समोर भिंत, मागे भिंत. तुला काही आखायची गरजच पडणार नाही!"

त्या खुर्चीचं चिंतामणीला स्वप्न पडे. स्वप्नात तिला चार पाय असत आणि ती त्याच्या मागे धावे.

प्रोफेसर कोठारे यांचा नियम असा, की ज्या गावाचा आराखडा काढायचा, त्या गावात राहायचं. म्हणून गणपती बसायच्या सुमारास चिंतामणीने उल्हासनगरात एका बराकीच्या टोकाची खोली घेतली. युद्धात लष्करासाठी बांधलेल्या त्या लांबलचक बराकी, आणि त्यांत सिंधमधून सगळं सोडून आलेली माणसं. एका बराकीत तीस कुटुंबं. चिंतामणी दारोदार फिरून मापं घ्यायचा. दार उघडायचं, टेप आत जायची, टेप बाहेर यायची, दार लागायचं. महिन्याभरात त्याला प्रत्येक स्वयंपाकघराची रुंदी पाठ झाली, पण त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरं लांबून ओरडायची, "टेपवाला आया!" अख्ख्या वस्तीत त्याची ओळख एवढीच. टेपेला आडनाव असतं तर तिचीसुद्धा जास्त चौकशी झाली असती!

त्याच्याशी आपण होऊन बोलणारं एकच माणूस होतं, पुतळाबाई. बराकीमागच्या मोकळ्या मैदानापलीकडे, शहाडच्या अंगाला आगऱ्यांचा पाडा होता. तिथे ती आपल्या दारात काकड्या मांडून बसे. शेजारी खुंटीला एक काळा बोकड. चिंतामणी रोज संध्याकाळी मागच्या दाराने निघून तिच्याकडे जाई आणि एक काकडी घेई. काकडी हे निमित्त होतं. पुतळाबाई न चुकता विचारायची, "काय रं बाला, जेवलास का?"

एवढ्यासाठी तो मैदान तुडवत जायचा. पुतळाबाई बोकडालाही त्याच आवाजात, त्याच मायेने, 'बाला, जेवलास का?' असंच विचारायची, ही गोष्ट त्याने कधी मनाला लावून घेतली नाही.

दसरा झाला आणि चिंतामणीने दुसरी पाहणी केली. पाहणी नेहमी सकाळीच व्हायची, हातात नकाशा, डोळ्यांत शास्त्र! आणि मैदानात त्याला एकाएकी एक पायवाट दिसली. पहिल्या नकाशात ती नव्हती! कमरेएवढ्या गवतातून कुणीतरी भांग पाडावा तशी ती सरळ पाड्याकडे गेली होती.

चिंतामणीच्या अंगावर काटा आला. लोकांना जिथं जायचं असतं तिथं वाट आपोआप पडते, हे प्रोफेसर वर्गात ओरडून सांगायचे. वाटेचं एक टोक बराकीला टेकलं होतं. नकाशात बराक म्हणजे एक लांब पेटी. तीत तीस कुटुंबं. म्हणजे तीस कुटुंबांना पाड्याची ओढ लागली आहे! वाटेवर जागोजागी काकडीची देठं पडली होती. म्हणजे भाजीपाल्याची जबरदस्त वाहतूक! मध्ये बाभळीखाली गवत बसून बसून चेपलं होतं. म्हणजे चौक!! समाज इथे थांबतो, सुखदुःखाच्या गोष्टी करतो! त्याने देठं पुराव्यादाखल कागदात बांधून घेतली आणि नकाशावर लाल शाईने साठ फुटी रस्ता ओढला.

तुम्ही म्हणाल, त्याला एवढंही कळू नये? अहो, पाहणी करणारा स्वतःला मोजत नाही. तसा नियमच आहे.

इतकी मोठी बातमी पोटात ठेवायची कशी? सांगायला कुणी नव्हतं. म्हणून त्याने शेजारच्या खोलीतल्या खियलदासचं दार ठोठावलं. खियलदासने सवयीने भिंतीपासून पेटी सरकवली.

"माप नको, शेठ! उधर मैदान में रस्ता होणार. भीड येणार भीड!"

खियलदास पापड लाटायचं सोडून उभा राहिला. "भीड? कौन बोला, साईं?"

"शास्त्र बोला!"

दुसऱ्या दिवशी बाभळीखाली खियलदासचं सरबताचं दुकान उभं! तिसऱ्या दिवशी त्याचा ओळखीचा न्हावी खुर्ची घेऊन आला. चौथ्या दिवशी एक सायकल दुरुस्त करणारा पंप घेऊन बसला. तिघं मिळून वाटेकडे डोळे लावून बसले. वाटेवरून संध्याकाळी चिंतामणी आला.

"भीड किधर है, साईं?" खियलदासने विचारलं.

"येईल ना शेठ. शहरं काय एका दिवसात वसतात?"

आणि तिघांचं मन मोडू नये म्हणून चिंतामणीने सरबत घेतलं. दाढी केली. सायकल नव्हती, म्हणून छत्रीच्या काडीला तेल घालून घेतलं. मग हे रोजचंच झालं. जाताना सरबत, येताना सरबत. जाताना दाढी, येताना दाढी! आठवड्याभरात त्याचे गाल सोललेल्या बटाट्यासारखे झाले आणि पोटात सरबत असं डुचमळायचं, की चालताना घागर घेऊन चालल्याचा आवाज यायचा. पण खरं सांगायचं तर त्याला मजा वाटत होती. वाटेत तीन माणसं आपली वाट बघतायत, हे त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

दिवाळीच्या तोंडावर, एका शुक्रवारी, टांग्यातून प्रोफेसर कोठारे उतरले. चिंतामणीने त्यांना साठ फुटी रस्ता दाखवला, चौक दाखवला, देठं दाखवली. प्रोफेसर बाभळीखाली वाकले आणि चेपलेलं गवत बघत राहिले.

"दाबके, तुमच्या चौकात बसणारा समाज एकाच मापाचा दिसतो."

"म्हणजे, सर?"

"म्हणजे बसल्याची जागा एकच आहे."

चिंतामणी गोंधळला. गोंधळला की हाताला चाळा लागायचा त्याच्या. त्याने खिशातली कालची अर्धी काकडी काढली, बोलता बोलता कराकरा खाल्ली आणि देठ भिरकावलं. ते देठ बरोब्बर बाकीच्या देठांशेजारी जाऊन पडलं.

प्रोफेसरांनी देठाकडे पाहिलं. मग चिंतामणीकडे. मग त्याच्या बुटांकडे. मग दुकानदारांकडे वळून विचारलं, "इस रस्ते पे कौन आता जाता है?"

तिघांनी एका सुरात बोटं दाखवली. "ये साहब!"

"और?"

"और कोई नहीं," खियलदास म्हणाला. "मगर ये साहब बहुत आता है!"

चिंतामणी एक पाऊल मागे सरला. त्याच्या पोटातल्या सरबताने घागरीसारखा आवाज केला.

"साठ फूट रुंद रस्ता," प्रोफेसर लाल पेन्सिल काढत म्हणाले, "आणि रहदारी एक! इतका रुंद रस्ता एकट्याला राजेसुद्धा घेत नाहीत, दाबके. तुमच्याखेरीज या वाटेवर दुसरं कुणी आपल्या पायांनी आलेलं दाखवा. सोमवारपर्यंत. नाहीतर आराखडा नापास."

शनिवारी न्हावी खुर्ची घेऊन गेला. सायकलवालाही गेला. रविवारी खियलदासनेही बाटल्या आवरल्या. तो शिव्या देईल असं चिंतामणीला वाटलं होतं. निदान त्या निमित्ताने बोलणं तरी झालं असतं! पण तो नुसता म्हणाला, "कराची में भी मेरा दुकान कोपरे पे था, साईं," आणि पेटी उचलून चालता झाला.

रविवारी संध्याकाळी चिंतामणी काकडीला गेला नाही. मागच्या पायरीवर बसून वाटेकडे बघत राहिला. पलीकडे कंदील लागले, फटाके वाजायला लागले. तीस कुटुंबांच्या कढया तळणाने चुरचुरत होत्या. वाटेवर कुणी येईना. डोळ्यांपुढे ती खुर्ची दिसू लागली, समोर भिंत, मागे भिंत. निदान तिथे माणसं आपल्याला 'दाबके' तरी म्हणतील, असं त्याच्या मनात आलं.

आणि तेवढ्यात गवत हललं. वाटेवरून, अगदी वाटेच्या मधोमध, पदर खोचून पुतळाबाई येत होती! आपल्या पायांनी!

चिंतामणी धडपडत उठला. आपण आलो नाही म्हणून ही बाई एवढं मैदान तुडवत आली! पुतळाबाई धापा टाकत पायरीपाशी थांबली आणि मायेने म्हणाली, "काय रं बाला, जेवलास का?"

तो पुढे झाला. "नाही हो, पुतळाबाई. सकाळपासून काही नाही!"

"तुला नाय रं. त्याला इचारतंय."

चिंतामणीने मागे वळून पाहिलं. काळा बोकड खोलीत उभा होता. गळ्यात तुटकं दावं, तोंडात पुराव्याचं शेवटचं देठ. चिंतामणी पायरीवर बसायच्या आधीच तो वाटेने येऊन, बराकीला वळसा घालून पुढच्या दाराने आत शिरला असावा. त्याच्या खुरांचे ठसे वाटेवर पार पायरीपर्यंत उमटले होते.

"दावं तोरून पलाला मेला," पुतळाबाई म्हणाली. "तुजी देठां खात खात आला वाटतं. चल, धर त्याला. माज्यानं वढवत नाय. घरी भाकर हाय, तू बी खा."

चिंतामणीने दावं धरलं. वाटेवरून तिघं गेले.

सोमवारी प्रोफेसरांनी विचारलं, "कुणी आलं?"

"आले, सर. दोघं. आपापल्या पायांनी."

प्रोफेसरांनी त्याच्या सोललेल्या गालांकडे पाहिलं आणि लाल पेन्सिल खाली ठेवली. "साठाचे सहा फूट करा, आराखडा पास. त्या दोघांची नावं खाली लिहा."

चिंतामणीने 'पुतळाबाई' लिहिलं आणि अडला. बोकडाचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं! मग त्याने थोडा विचार केला आणि खाली 'बाला' असं लिहिलं.

पुतळाबाई दोघांनाही तेच म्हणत असे.