क्लॅरिनेटला कुठे शब्द असतात!

"सगळं गाव तोंडात बोटं घालेल, बघच तू!" एवारिस्तोने बायकोला, आर्जाला, बजावलं. बोर्गोलुंगोच्या बँडमास्तरची जागा रिकामी झाली होती, आणि अकरा वर्षं दुसऱ्या रांगेत क्लॅरिनेट फुंकून एवारिस्तोचे गाल थकले होते. रविवारी नगराध्यक्ष उबाल्दो यांच्या दिवाणखान्यात, गावासमोर, त्याची परीक्षा होती. त्यासाठी पठ्ठ्याने गेल्या हंगामातल्या ऑपेरातल्या चाली गुंफून क्लॅरिनेट आणि पियानोसाठी एक फँटसिया स्वतः रचली होती.

"कोणती चाल घेतलीत?" पास्त्याची पोळी कापता कापता आर्जाने विचारलं.

"सगळ्यांत गोड! दुसऱ्या अंकातली."

आर्जाची सुरी थांबली. "अहो, ती 'म्हाताऱ्या, म्हाताऱ्या, नवरी तुझी पळाली'? नगराध्यक्ष सत्तरीला टेकलेले, बायको पंचविशीची, लग्नाला झाले तीन महिने!"

"अगं वेडे, क्लॅरिनेटला कुठे शब्द असतात!"

रविवारी पियानोवर खुद्द नगराध्यक्षांची बायको क्लेलिया बसली. सुरुवात झोकात झाली. मग ती चाल आली.

क्लॅरिनेटला शब्द नव्हते, पण गावाला तोंडपाठ होते! बोर्गोलुंगोत पोरं आधी ऑपेरा शिकतात, मग प्रार्थना. मागच्या रांगेतला खाटीक नुसता गुणगुणला. शेजारच्या पाववाल्याने शब्द उचलले. कडवं संपेपर्यंत अख्खा दिवाणखाना गात होता, "म्हाताऱ्या, म्हाताऱ्या, नवरी तुझी पळाली!"

एवारिस्तोला दरदरून घाम फुटला. चाल संपली, सुटलो म्हणावं, तर पुढे तिचीच आणखी चार रूपं, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा जलद! कोणत्या गाढवाने रचलंय हे, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच गाढवाची ओळखही पटली.

श्वास घेण्याच्या निमित्ताने तो पुटपुटला, "बाईसाहेब, उरलेली गाळून टाका!"

"छे हो! महिनाभर सराव केलाय मी!" म्हणत क्लेलियाने वेग आणखी वाढवला. लोक पाय आपटू लागले. पाद्रीबुवासुद्धा डोळे मिटून ताल धरून बसले होते.

शेवटचा सूर विरला. नगराध्यक्ष उठले. आता नोकरी तर गेलीच, गावही सोडावं लागणार, म्हणून एवारिस्तो मनातल्या मनात सामान बांधू लागला.

"लग्न झाल्यापासून हे गाणं रोज माझ्या खिडकीखाली चालतं," नगराध्यक्ष म्हणाले. "पातेली बडवत, बेसूर! आज पहिल्यांदा सुरात ऐकलं. ह्या गावाला एका तालात गायला लावणारा बँडमास्तर नाही तर कोण? जागा तुमची!"

एवारिस्तोची छाती कोटात मावेना. त्याने ऐटीत आर्जाकडे पाहिलं.

"फक्त एक करा," नगराध्यक्ष त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ते क्लॅरिनेट घरीच ठेवत जा. गाण्यात फार मधेमधे येत होतं."