उरलेला पाय कोणत्या गाईचा

‘तेहतीस म्हंजे तेहतीस. बत्तीसवर उठायचं न्हाई अन् चौतीसची हौस करायची न्हाई,’ असं माझ्या सासूबाई सगुणाबाई यांनी मला बजावलं होतं.

चातुर्मासात रोज सकाळी तुळशीपुढे रांगोळीची तेहतीस गोपद्मं, म्हणजे गाईची पावलं, काढायची. दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा काढायची. व्रत पाच वर्षांचं. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्या वर्षापासून. माझं यंदा पाचवं वर्ष आणि वय सहासष्ट, त्यामुळे चुकण्याची चैन मला परवडणारी नव्हती.

नेमकी याच वर्षी जिल्हा रेखांकन डिजिटलीकरण कक्षाला माझी कला वाचवण्याची निकड भासली. श्रावणात कक्षाचे सर्जेराव साहेब टॅबलेट घेऊन मंठ्याला आमच्या दारात उभे राहिले.

“मावशी, तुम्ही रोज काढता अन् रोज पुसता?”

“हो.”

“म्हंजे चार वर्षांपास्नं तुम्ही रोज वारसा नष्ट करून राह्यल्या.”

मी इतके दिवस त्याला पूजा समजत होते.

साहेबांनी फोटो घेतला. संगणकाने कळवलं की कोणतीही दोन पावलं सारखी नाहीत, सबब चित्र सदोष आहे. मग त्यांनी त्यातलं एक सुबक पाऊल निवडलं आणि तेच तेहतीस वेळा चिकटवलं.

“एकच पाय तेहतीसदा?” माझी सून अर्पिता म्हणाली. “मंग गाय लंगडी घालत आल्ती का?”

साहेबांनी हे अभिप्रायाच्या रकान्यात लिहून घेतलं.

खरी अडचण पुढेच होती. प्रकार: गाय. पावलं: तेहतीस. एवढं भरताच पडद्यावर लाल चौकट आली.

“मावशी, तेहतीसला चारनं भाग जात न्हाई. आठ गाई बराबर निघतात. उरलेला पाय कोणत्या गाईचा?”

“साहेब, देव तेहतीस, म्हणून पावलं तेहतीस.”

“देवाचा रकाना न्हाई. गाईचा हाय.”

प्रकरण पशुवैद्यांच्या अभिप्रायासाठी गेलं. आमच्याकडे गाय नसल्याने शेजारच्या ज्योत्स्नाची म्हैस तपासणीला उभी केली. डॉक्टरांनी चारही बाजूंनी पाहून लेखी दिलं: ‘सदर जनावरास एकूण चार पाय असून अतिरिक्त पाय आढळून आला नाही.’ त्या आधारे बत्तीस पावलं मंजूर झाली. तेहतिसावं प्रलंबित राहिलं.

आठवड्याने आमच्या तुळशीपुढे एक चकचकीत छापील स्टिकर चिकटवला गेला. धुता येईल, पुसला जाणार नाही, असा. शेजारी सूचना होती: ‘या जागी हाताने रेखाटन करू नये. तसे आढळल्यास मूळ कलाकृतीची विद्रूप नक्कल समजून कारवाई होईल.’ माझी नक्कल मीच करत होते, हे मला छापून आल्यावर कळलं.

मी भांडले नाही. तुळशीची कुंडी उचलून स्वयंपाकघरात आणली. बाहेर कक्षाची बत्तीस, आत माझी तेहतीस. लोक बाहेरच्या स्टिकरपुढे फोटो काढत, आणि मी आत चुलीशेजारी दार लोटून रांगोळीची चिमूट सोडत असे.

कार्तिक लागायला थोडे दिवस राहिले असताना सर्जेराव साहेब एकटेच आले. चपला बाहेर काढल्या. टॅबलेट नव्हता.

“आई वाटूरला असती,” ते म्हणाले. “तिचंबी पाचवं वर्ष. काल पडली, उजवा हात प्लास्टरात हाय. मी तिला मोबाइलवर आपलं मंजूर गोपद्म दाखवलं. म्हणलं, याला नमस्कार कर, झालं व्रत.”

“मग?”

“बोट ठिवून मोजत बसली. म्हणाली, एक कमी हाय. सकाळपास्नं पाणीबी घेईना. व्रतवाल्या दुसऱ्या बाईचा हात चालतो म्हणे. व्रत संपस्तोवर रोज याल का?”

“येईन. तुम्ही येताय का सोबत?”

“मला जल्दी जालन्याला जायचंय. आपल्या गोपद्माचं सादरीकरण हाय.”

“बरं. तिथं बत्तीस काढू का तेहतीस?”

साहेबांनी दाराकडे पाहिलं. “तेहतीस,” ते हळूच म्हणाले. “फोटो मातर कुणाला काढू देऊ नका.”

कक्षाच्या त्या मंजूर चित्राला तोवर मोबाइलवर साठ हजार नमस्कार आले होते. तुमच्याकडेही आलं असेल, पावलांखाली कमळं उमलतात आणि मागे बासरी वाजते, तेच. तुम्ही हात जोडून अकरा जणांना पुढे पाठवलंत, त्यांनी आणखी अकरा जणांना. मोजलं फक्त वाटूरच्या त्या एका बाईने. मी तुम्हाला दोष देत नाही. मंजूर झालेली गोष्ट कोण मोजतं.

मी रांगोळीचा डबा पिशवीत घातला, अर्पिताला भाताकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि वाटूरच्या बससाठी स्टँडकडे निघाले.