पुढच्या महिन्यातला नकार

लुबनाने मंगळवारी अंबाजोगाईच्या शाखेत स्वतः येऊन होकार नोंदवला, आणि गुफरानचा चहा गार व्हायच्या आत मशीनवर त्या होकाराचा नकार झाला.

गुफरान नुसता नवरदेव नव्हता. जलालुद्दीनचाचांच्या वधू-वर केंद्राचा इंजिनिअरही तोच. गेवराई, धारूर, अंबाजोगाई अशा तीन शाखा, प्रत्येकीत एक मशीन, आणि तिन्हींत त्याच स्थळांच्या त्याच नोंदी. एकीत बदल केला की बाकी दोघींत आपोआप जायचा. मशीनांचं आपसात पटलं नाही, तर जिच्यावर नंतरची वेळ ती नोंद खरी. हा नियम गुफराननेच घातला होता, आणि त्यावर त्याचा स्वतःपेक्षा जास्त भरवसा होता.

"तिच्या खालानं, आमिनाबीनं, मागच्या हप्त्यात धारूरला नकार लिहिलता," तो चाचांना म्हणाला. "तो जुना, होकार नवा. डोकं मशीनचं फिरलंय, लुबनाचं न्हाई."

"मग फोन करून इचार की तिला."

"चाचा, डेटाचा प्रश्न माणसांना विचारत नसतात."

त्याने होकार पुन्हा लिहिला. नकार आला. मशीन बंद करून चालू केलं. नकार आला. धारूरशी जोडणी तोडली तर होकार टिकला; जोडली की नकार हजर. तेवढ्यात गेवराईहून राधाकिशनचा, केंद्रातल्याच एका जुन्या स्थळाचा, फोन. त्याच्या लग्नाला नुकता पंधरवडा झाला होता.

"इंजिनिअर सायेब, तुमच्या नोंदीत मी अजून कुवारा हाय का? सकाळधरनं दोन पाव्हणे पोरीचे फोटो दाखवून गेले. बायकोनंच पोहे केले त्यांना."

"वहिनी काय म्हणल्या?"

"म्हणली, दुसरी पोरगी बरी हाय."

शेवटी गुरुवारी गुफरान घाट चढून धारूरलाच गेला. तिथला ऑपरेटर सिदू पन्नाशीचा, निवांत माणूस. त्याच्या मशीनवर पुढचा महिना उजाडला होता.

"सिदूमामा, ही तारीख?"

"मला उशीर व्हायचा. म्हणून घरच्यावानी घड्याळ धा मिन्टं पुढं ठिवलं. पण मला ठावं असायचं ना, पुढं हाय म्हणून. मंग अजून पुढं केलं. तेबी ठावं झालं. मंग तास, मंग दिस. असं करत आलो हितवर."

"मग आता वेळेवर येता?"

"न्हाई. पण उशीर किती झाला ते कळंना झालंय."

म्हणजे लुबनाच्या मावशीचा, आमिनाबींचा, नकार पुढच्या महिन्यात पडला होता. त्याच्यापुढे आजचा कुठलाही होकार शिळाच. गुफरानने घड्याळ ताळ्यावर आणलं, भविष्यातल्या नोंदी पुसल्या, होकार लिहिला. तो तिन्हीकडे टिकला. मग छाती फुगवून त्याने लुबनाला फोन लावला.

"तुमचा होकार बसला. तिन्ही शाखांत."

"तो मी मंगळवारीच दिलता. त्याला काय झालतं?"

गुफरानने सगळं सांगितलं, घड्याळासकट, रंगवून.

"म्हणजे एवढे दिवस तुमच्यासमोर माझा नकार होता," लुबना म्हणाली, "आणि तुमी मला सोडून तीन मशीनांना विचारत बसलात?"

"पण कारण सापडलं ना."

"मलाबी सापडलं. नकार लिहा."

गुफरानने तो तिथेच बसून, स्वतःच्या हाताने लिहिला. पाठोपाठ चाचांचा फोन आला.

"बेटा, गेवराईला फोन करून इचारलं, अंबाजोगाईत बघितलं. सगळीकडं एकच दिसतंय आता, हालत न्हाई. पक्कं काम केलंस."