चार रजांचे दहा दिवस

“सांगून कुणाला पटणार नाही, पण एकदा मी आख्खा माल्टा देश रिकामा केला होता,” असं म्हणत विस्तिननं चहाचा पेला टेबलावर ठेवला आणि बँड क्लबात जमलेल्या पाहुण्यांकडं पाहिलं. पाहुणे पलीकडच्या गोझो बेटावरचे बँडवाले. परतीच्या बोटीला अजून दोन तास होते, तेव्हा विश्वास ठेवायला त्यांना भरपूर सवड होती.

गोष्ट विस्तिन नोकरीत होता तेव्हाची. होड्यांच्या नोंदणीची कचेरी, सहा माणसं, एक खिडकी. लेक सुंता लग्न करून मेलबर्नला गेली होती. तिला पहिला मुलगा झाला आणि त्याचा बाप्तिस्मा पंधरा डिसेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी ठरला. बायको करमेना महिनाभर आधीच तिकडं निघाली. विमानतळावर तिनं मागं वळून एवढंच सांगितलं, “त्या दिवशी तू आला नाहीस, तर मी परतीचं तिकीट फाडून टाकीन. मग शिजव इथं एकटाच रविवारचं सशाचं मटण.”

करमेना बोलल्याप्रमाणे वागणारी बाई होती. अडचण होती रजेची. विस्तिनच्या रजा दरसाल गावच्या संताच्या उत्सवात जायच्या. आठवडाभर रस्त्यावर पताका टांगायला, दोन दिवस मूर्ती खांद्यावर घ्यायला, सोमवारी साऱ्या गावाबरोबर समुद्रावर डुंबायला, आणि मग तीन दिवस खांदा जागेवर यायला. उरलेल्या रजा फटाक्यांत दारू भरण्यात संपत. नोव्हेंबर उजाडला तेव्हा हातात चारच रजा होत्या.

चार दिवसांत मेलबर्नला जाऊन यायचं म्हणजे उंबऱ्याला पाय लावून परत फिरायचं. विस्तिननं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं आणि टेबलावर आडवं घातलं. आठ डिसेंबरची मरिया मातेची सुट्टी त्या वर्षी शुक्रवारी आली होती. तेरा तारखेचा प्रजासत्ताक दिन बुधवारी. मधला सोमवार, मंगळवार, मग गुरुवार, शुक्रवार. मोजून चार! दोन्हीकडचे शनिवार-रविवार धरले की सलग दहा दिवस. विस्तिनला त्या रात्री स्वतःच्या हुशारीनं झोप लागली नाही.

असली गोष्ट पोटात ठेवायची असते. पण त्याला ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. शेजारच्या टेबलावरच्या नेनुला त्यानं बाजूला घेतलं.

“नेनु, बाहेर फुटलं तर बघ.”

“संताची शपथ! माझ्या बायकोलासुद्धा सांगणार नाही.”

नेनुनं शपथ पाळली. बायकोला सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं. बहिणीचं केस कापायचं दुकान होतं. रविवारी प्रार्थना संपल्यावर खुद्द पाद्रीबाबांनी विस्तिनला खांबाआड ओढलं. “त्या गुरुवारचं काय म्हणालास? पुन्हा एकदा सांग बघू.”

सोमवारी साहेबीण बुजेयाबाईंच्या टेबलावर सहा अर्ज पडले.

“सहा माणसं, सहा अर्ज, आणि तारखा त्याच चार,” बाई म्हणाल्या. “खिडकीवर कुणाला बसवू? माझ्या मांजरीला? बरं, ही अक्कल मुळात कुणाची?”

तोवर जो तो ‘मीच शोधून काढलं’ म्हणत छाती काढून हिंडत होता. नेनु तर लोकांना कॅलेंडरवर बोट ठेवून शिकवत होता. आता पाच बोटं विस्तिनकडं वळली.

“मग ठरलं. खिडकीवर हाच.”

“अहो बाई, नातवाचा बाप्तिस्मा आहे! बायको परत यायची नाही!”

बाई जरा विरघळल्या. “हे बघ, सोमवारी खिडकी उघड. कुणी फिरकलंच नाही, तर दहा वाजता कुलूप लाव आणि जा. पण एकसुद्धा माणूस आला, तर शुक्रवारपर्यंत हलायचं नाही.”

“आणि मंडळी, एक माणूस आला नाही!” विस्तिननं टेबलावर थाप मारली.

कारण तोच हिशेब करून जो तो परदेशी गेला होता, देशात माणूसच उरला नव्हता. बसला ड्रायव्हर नाही, भट्टीला भटारी नाही, चौकातले सिग्नल कुणासाठी बदलायचे म्हणून लालच राहिलेले. माणसांचं ओझं उतरल्यामुळं आख्खं बेट समुद्रातून हातभर वर आलं होतं. दहाला कुलूप लावून विस्तिन चालत विमानतळावर गेला. तिथं एकच विमान आणि एकच वैमानिक, त्याचीही रजा नामंजूर झालेली.

“कुठं जायचंय?”

“मेलबर्न.”

“एकटेच ना? मग मधे कुठं थांबत नाही. पण चहा तुम्ही करायचा.”

मधे वैमानिकाला डुलकी लागली, तेव्हा अर्धा समुद्र विस्तिननंच ओलांडला. होडीसारखंच असतं, फक्त खाली बघायचं नाही. शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या दारात पाऊल टाकलं आणि तिकडं पाद्रीबाबांनी पाण्याचं भांडं उचललं. बाळानं आजोबांचं बोट घट्ट धरलं, करमेनानं डोळे पुसले...

पाहुण्यांच्या हातातली चीज भरलेली पास्तित्सी तोंडापाशी थांबली होती.

“पप्पा, खोटं!”

दारात सुंता उभी होती. सुट्टीला माहेरी आलेली लेक आईच्या सांगण्यावरून बापाला जेवायला बोलवायला आली होती.

“कुठलं?” विस्तिननं विचारलं.

“अहो सगळंच! तुम्ही आलाच नव्हता, फोनवर दिसत होता, आणि तो फोन माझ्या हातात होता. आमच्याकडं संध्याकाळ, तुमची खिडकी नुकतीच उघडलेली. आणि म्हणे देश रिकामा! तुम्हीच फोन फिरवून दाखवलात ना? रांग जिन्यावरून खाली, रस्त्याच्या पार टोकापर्यंत! सगळ्या देशाला रजा मिळाली, म्हणून सगळा देश होडीचे कागद करायला तुमच्याकडं आला होता! बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं आणि ती रांग अशी काही ओरडली, की आमचे पाद्रीबाबा भांडं खाली ठेवून आईला विचारायला लागले, ‘बाई, या मुलाला आजोबा आहेत तरी किती?’”