मागचं घर आधी

बिबट्यानं आप्पाची पोटरी धरली होती आणि आप्पानं माझं मनगट. दोघंही सोडायला तयार नव्हते. "आक्का, पळू नका! एकट्या पळू नका!" आप्पा ओरडत होता. मी हातातला विळा हाणला. कुठं लागला, देव जाणे. जनावर सुटलं आणि उभ्या उसात शिरलं. आप्पा बांधावर बसला. पोटरीचं मांस लोंबत होतं आणि हा माणूस मला विचारतो, "बाकीच्या चौघी रस्त्याला लागल्या का?"

मी चाटच पडले. अजून तशीच आहे.

आप्पा वडगाव रासाईत आमचा शेजारी, भिंतीला भिंत. उमेदीची सगळी वर्षं मस्कतला ट्रक चालवला. तिकडून लोक सोनं आणतात, यानं लाकडाची पेटी आणली. उघडली की तिचा पट होतो. दोघांनी खेळायचं, दोन फासे, प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या. त्या फिरवून आपल्या कोपऱ्यात आणायच्या आणि मग एकेक पटाबाहेर काढायची. ज्याच्या आधी संपल्या तो जिंकला. गावात कोणी शिकेना. मी चौथी पास, फाशाचे ठिपके मोजायला तेवढं पुरतं, म्हणून त्यानं मला धरून बसवलं.

गोम शेवटाला आहे. तुम्ही सोंगट्या बाहेर काढत असता आणि शत्रूची एखादी तिथंच दबा धरून बसलेली असते. एका घरात आपल्या दोघी असल्या तर तिला हात लावता येत नाही. एकटी दिसली की मारते, आणि मेलेलीला पुन्हा सगळा पट फिरावा लागतो. म्हणून आप्पाचं एकच पालुपद: "मागचं घर आधी उठवायचं. जोडी फोडायची न्हाई."

तो इतका जपून खेळतो की दरवेळी हरतो. मी धडाधड बाहेर पडते, हा जोड्या सांभाळत बसतो. वर म्हणतो, "हरलो तर हरलो. माझी एक बी मेली न्हाई, आक्का."

पटापुरतं असतं तर चाललं असतं. एकदा न्हावऱ्याला एसटीच्या दारात हात आडवे लावून उभा राहिला. मागच्या सीटवरचे आधी उतरणार म्हणे. कंडक्टर म्हणाला, "आप्पा, उतरताय का तुम्हाला डेपोत नेऊ?" लग्नाच्या पंगतीत कोणी म्हातारा शेवटी एकटाच जेवत राहिला, की हा हात धुतलेला असला तरी त्याच्या शेजारी पुन्हा पानावर बसतो. वाढपी शिव्या घालतात. मीही घातल्यात.

त्या दिवशी सकाळी आम्ही पाचजणी वाढं आणायला गेलो होतो. तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे, गुरांना लागतात. तोड संपत आली होती, एकच पट्टा उभा होता. ऊस तुटत जातो तसा बिबट्या आत आत सरकतो आणि शेवटच्या पट्ट्यात बसतो, हे आमच्याकडं पोराटोरांना ठाऊक आहे. तरी गेलो. गुरं कुठं थांबतात?

डेअरीला दूध घालून येणाऱ्या आप्पाला रस्त्यावरून ते जनावर दिसलं. आमची वाट त्या पट्ट्याला लागूनच, बांधावरून.

"वाघ हाय! पळू नका! मागच्या दोघी आधी! हात धरा, मोठ्यानं बोलत या!"

"आप्पा, ह्यो काय तुमचा खेळ हाय व्हय?" आमच्यातली सखू रडतच ओरडली.

"त्योच हाय! चला!"

दोघी निघाल्या. पोचल्या. मग दुसऱ्या दोघी. माझा गुडघा धरलेला, म्हणून मीच त्यांना पुढं घातलं. पाचात जोडी पुरत नाही, हे माझ्या ध्यानात आलं तोवर आप्पा रस्ता सोडून आत आला होता.

"मुडद्या, बाहेर हो!" मी ओरडले.

त्यानं ऐकलं नाही. माझं मनगट धरलं, स्वतः उसाच्या बाजूला झाला आणि चालायला लागला. अर्ध्या वाटेत ते झालं.

शिरूरला दवाखान्यात टाके घातले, इंजेक्शनं दिली. नर्सनं विचारलं, "आजोबा, घरचं कोण आलंय?"

आप्पानं माझ्याकडं बोट केलं. "ह्याच. शेजारच्या."

ती गेल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. "रस्त्यावर होतास की! कशाला मरायला आत आलास?"

तो पंख्याकडं बघत म्हणाला, "तुम्ही गेला असता, तर सांजच्याला माझ्यासंगं बसतंय कोण, आक्का?"

मी त्याच्या अंगावरची चादर नीट केली.

आम्ही पाचही बायका जगलो. आप्पाही जगला.